डाव्या कानातली जमीन

१४ नोव्हेंबर

पुन्हा आलं. बॅटरीचे स्क्रू आवळत होते आणि फरशी डावीकडे झुकली — होडीत कोणी उशिरा येऊन बसावं तशी. आधी कान भरला. मग जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव. मग फरशी. क्रम नेहमीचाच.

खोलीत मी एकटी. यंत्राचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. भिंतीला पाठ लावून खाली बसले. पाण्याचा घोट गिळायला वेळ लागतो तेवढ्यात सगळं संपलं. बाहेर आले तर कासार आंबोलीच्या शेतांवर ऊन होतं तसंच, आणि सगुणाबाईंची कोंबडी उकिरडा उकरतेय.

इथे लिहिते, कारण घरी सांगायचं नाही. अम्मी मीठ-मिरची ओवाळेल. अब्बा दुकानाचं शटर ओढून मला पुण्याला घेऊन निघतील. दोन्ही नको.

१५ नोव्हेंबर

सकाळी ऑफिसची यादी आली. काल संध्याकाळी सहाच्या सुमारास भूकंपाचा एक सूक्ष्म धक्का. माणसाला जाणवणार नाही असा.

मला दुपारी साडेबाराला जाणवलं होतं.

योगायोग.

१८ नोव्हेंबर

योगायोग हा शब्द किती वेळा वापरायचा? दुपारी माझा कान भरतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यादीत आदल्या संध्याकाळचा धक्का असतो. दर वेळी.

नीट मांडते. सगुणाबाईंच्या शेताच्या कडेला आमच्या प्रकल्पाची एक खोली आहे. खोलीत खड्डा, खड्ड्यात उघडा खडक, खडकावर भूकंपमापक. माझं काम बॅटऱ्या, वायरी, ओलावा आणि उंदीर. नोंदी आपोआप पुण्याच्या ऑफिसला जातात, तिथे प्रोग्रॅम रात्रभर त्या चाळतो आणि सकाळी अमोघ सगळ्यांना यादी पाठवतो. खोलीत स्क्रीन नाही. म्हणजे दुपारी यादी चोरून बघितली आणि मग मनाने कान भरवला, असं होऊच शकत नाही.

उरतं काय? उरतं ते मला लिहावंसं वाटत नाही.

२० नोव्हेंबर

आज काही नाही. कान मोकळा. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या खोलीसारखा.

२४ नोव्हेंबर

पकडले गेले.

दारात उभी होते तेव्हाच आलं. चौकट धरली. समोर सगुणाबाई, डोक्यावर गवताचा भारा.

"काय गं, उपाशी हायेस का?"

"नाही."

"मग चौकट कशापायी धरलीय? पडतीया व्हय ती?"

त्या क्षणी मी माझी नसते. एरवी विचारलेल्या प्रश्नाचंसुद्धा अर्धंच उत्तर देणारी मी, आज न विचारलेलं बोलून गेले.

"संध्याकाळी हलेल."

"काय हलंल?"

"जमीन."

हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भारा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "बस. गूळ आनते."

२५ नोव्हेंबर

मी गाडी लावायच्या आत त्या कुंपणाशी. "मग?"

यादी फोनवर होती. खोटं बोलता आलं असतं. "हललं. सहा वाजून गेल्यावर."

"आमाला कसं न्हाई कळलं?"

"फार बारीक होतं."

"आज बारीक," त्या म्हणाल्या. "उंद्या?"

मग मला हाताला धरून घरात नेलं आणि मागच्या भिंतीतला तडा दाखवला. दिवाळीत नव्हता म्हणे. बोटाचं नख आत जातं. मी त्यांना सांगितलं की माती सुकली की भिंती तडकतात. त्यांनी मान हलवली. लहान मुलाने 'भूत नसतं' म्हटल्यावर मोठी माणसं हलवतात तशी.

२९ नोव्हेंबर

परत निघायला उशीर झाला आणि बघितलं — सगुणाबाईंनी चूल अंगणात मांडलीय. सून शुभांगी भाकरी थापतेय, मुलगा जयसिंग खाटेवर फोन बघत बसलाय. दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं, हा सगुणाबाईंचा हुकूम. नऊ वाजले की आत.

"तुमच्यामुळं आमी टुरिस्ट झालोय," शुभांगी म्हणाली. "रोज सहल."

"तुला हसू येतंय," सगुणाबाई. "भित डोक्यात पडली म्हंजी समजंल."

"तुमच्या डोक्यात पडली तर भितीचंच नुकसान, आत्याबाई."

त्यांनी मलाही भाकरी दिली. धूर, थंडी, आणि सगळे मधूनच गप्प होऊन जमिनीकडे बघणार. मीही बघत होते. काहीच जाणवलं नाही. मला संध्याकाळी कधीच काही जाणवत नाही. सकाळच्या यादीत मात्र असतं. अत्तर लावलेलं माणूस निघून गेल्यावर दरवळ उरतो, माझं उलट आहे. दरवळ आधी येतो.

३ डिसेंबर

स्वप्न. मी पौडला आमच्या दुकानात. अब्बा जमीन विकतायत, दोरखंडासारखी, गजाने मोजून. गिऱ्हाईक म्हणतं, अजून थोडी सोडा. अब्बा सोडतात. जमीन काउंटरवरून घसरत रस्त्यावर, तिथून तलावाकडे, आणि पाण्यात गेली की पांढरी होते. मी ओरडते, अब्बा, गाठ मारा! ते म्हणतात, गाठ शेवटाला असते बेटा, मधे नाही.

उठले तर डोळे उघडल्याचा आवाज आला. हे लिहिलं नव्हतं अजून. सगळं शांत असलं की डावीकडे बघताना मला माझे डोळे ऐकू येतात. पॉलिश पेपर लाकडावर हळूच फिरवावा तसे.

९ डिसेंबर

पुण्याला जाऊन आले. घरी 'मीटिंग' म्हणून सांगितलं.

कानाच्या डॉक्टर तरुण आहेत, बोलतात कमी. आवडल्या. सगळं ऐकून घेतलं — डोळ्यांच्या आवाजाचंही — आणि हसल्या नाहीत. एक नादकाटा टेबलावर आपटला आणि माझ्या पायाच्या घोट्यावर टेकवला. घोट्याच्या हाडावर!

"कुठे ऐकू येतंय?"

डाव्या कानात. स्पष्ट, घंटेसारखं. पायापासून कानापर्यंत मी एकच तार आहे.

स्कॅननंतर त्यांनी चित्र दाखवलं. आतल्या कानाच्या एका नळीवर हाड असायला हवं, तिथे माझ्याकडे छिद्र आहे. खिडकी म्हणा, त्या म्हणाल्या. शरीरातून येणारी कंपनं या खिडकीने आत शिरतात आणि तोल बिघडवतात. हवं तर बंद करता येते. घाई नाही.

मी विचारलं, "आधी कळू शकतं? कंपन व्हायच्या कितीतरी आधी?"

"कान आहे," त्या म्हणाल्या. "होतंय ते ऐकतो. होणारं कसं ऐकेल?"

येताना घाटाच्या बाजूला ढग उतरलेले. मला वाटत राहिलं, डॉक्टरांना खिडकी माहीत आहे. तिच्यासमोर काय आहे ते माहीत नाही.

१२ डिसेंबर

अंगणात पांढरी गाडी. टेकडीपलीकडे बंगल्यांचं प्लॉटिंग चाललंय, त्यांचा एजंट. त्यांना यायला-जायला खालून रस्ता हवाय आणि खाली सगुणाबाईंचं घर आणि शेत आहे. गेल्या वर्षीही आला होता. तेव्हा सगुणाबाईंनी त्याला पाणीसुद्धा दिलं नव्हतं, असं शुभांगी सांगते.

आज चहा दिला.

जयसिंगने मला हाक मारली. "मॅडम, तुमीच सांगा आयेला. तुमी शिकलेल्या. हितं ऱ्हानं धोक्याचं हाय का न्हाई?"

मी म्हणाले की इतक्या छोट्या धक्क्यांनी घरं पडत नाहीत.

"आन मोटा कवा यील ते कळतंय का?"

"कोणालाच कळत नाही."

"तुला कळतंय की," सगुणाबाई म्हणाल्या. शांतपणे. दूध नासलंय हे सांगावं तसं.

एजंटने माझ्याकडे बघून मान झुकवली. देवळात झुकवतात तशी. अंगावर शहारा आला. तो भूकंपाचा नव्हता.

१९ डिसेंबर

काही नाही. दिवसभर वाट बघितली.

वाट बघितली! हा शब्द खोडणार होते. राहू दे.

२१ डिसेंबर

हल्ली एक दिवस सुना जात नाही. दुपारी मी, संध्याकाळी यंत्र. मग परवाच का नाही? मागची पानं उलटली. वीस नोव्हेंबरलाही नाही.

दोन्ही दिवशी अमावस्या होती.

बराच वेळ कॅलेंडर हातात धरून बसले. अमावस्येला सूर्य आणि चंद्र एकाच दिशेने ओढतात. भरती मोठी. खडकालाही भरती असते, आपल्याला दिसत नाही एवढंच. ताण वाढतो, म्हणजे त्या दिवशी धक्के उलट जास्त हवेत. इथे मात्र गप्प. चंद्र नसलेल्या दिवशी जमीन डोळे मिटून पडते, असं काहीतरी. यात शास्त्र नाही हे मला कळतं. पण संध्याकाळी तलावाच्या रस्त्याने गाडी चालवताना पाणी इतकं स्तब्ध होतं की मला ते खरंच वाटलं.

२६ डिसेंबर

अमोघला फोन केला. शरीराचं सांगितलं नाही. फक्त अमावस्या.

"चंद्र! मस्त आहे की. पेपर टाकू. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं, तिसरं चंद्राचं."

"सगळे धक्के संध्याकाळीच का येतात? सहा ते साडेसात."

"खडक थंड होताना आकसतो ना. दिवसभर तापला, ऊन गेलं, कटकट वाजला. आमच्या गच्चीवरचा पत्रा वाजतो तसा."

पटलं. पटायला हवं होतं म्हणूनही असेल.

२ जानेवारी

सगुणाबाई विकणार.

मी कुंपणाच्या अलीकडे वायर सोलत होते. पलीकडे जोत्यावर त्या आणि जयसिंग. पाय सोडून बसल्या होत्या, अनवाणी तळवे दगडावर.

"नांद्याला फ्ल्याट हाय. तिसऱ्या मजल्याला," जयसिंग म्हणत होता. "लिफ्ट हाय. पोरास्नी शाळा जवळ."

"तितं भूकंप झाला तर?"

"ती बिल्डिंग नवी हाय आये, शिमिटाची."

सगुणाबाईंनी टाच दगडावर घासली. मग त्या म्हणाल्या, "ह्या जोत्याचा दगूड मी डोक्यावर आनलाय. वढ्यापास्नं. तुजा बाप म्हनायचा, बैल हाय का बाई हायेस."

"म्हाईत हाय, आये."

"म्हाईत हाय म्हनूनच सांगते. कर सही कवा करायची ती. तुमास्नी दडपून मारायला म्या दगूड न्हाई वाह्यले."

सोललेली वायर तशीच हातात राहिली. दारातल्या त्या एका वाक्यापासून इथपर्यंत. माझं शरीर खरं बोलतंय — मग मला इतकं वाईट का वाटतंय?

६ जानेवारी

अम्मी: "चहा तीनदा गरम केला. कुठे असतेस?"

अब्बा: "भूकंपात. आपल्याकडे पगार तेवढा येतो."

समीनाचा फोन होता दुबईहून, तिला आवाज ऐकवायलासुद्धा मी उठले नाही, म्हणून अम्मी रागावली. धाकटी बहीण आहे, समजून घेते. मी खिडकीत बसले होते. पौडच्या चौकातून खडीचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रक माझ्या कानात बारीक पाऊल टाकून पुढे जात होता. बंद करून घ्यावी खिडकी? आणि मग ज्या दिवशी खरंच मोठा येईल त्या दिवशी मी सगळ्यांसारखीच झोपलेली असेन.

१२ जानेवारी

खरेदीखताची तारीख ठरली. बावीस. दुपारी, पौडला.

१७ जानेवारी

आज सगुणाबाईंकडे गवंडी. नरहरी नाव, पायाडावर उभं राहून सतत बोलणारा माणूस. मागच्या भिंतीचा तडा भरतोय.

जयसिंग वैतागलेला. "इकायचं घर, त्येला गिलावा कशाला? त्ये जेशिबी घालनार हायेत त्येच्यावर."

"घालू दे. मी तडा ठिवून जायाची न्हाई," सगुणाबाई.

"मावशी, तुमी लेकीला सासरी पाठवताय का घर इकताय?" नरहरी वरून. "नटवायचंच तर रंग बी द्या."

"तू थापी चालव. तोंडानं गिलावा व्हत न्हाई."

संध्याकाळी हात धुताना तो म्हणाला, "ऱ्हायलेला परवा करतो. उंद्या येनार न्हाई."

"का रं? रविवार म्हनून?"

"आमाला कुटला रविवार? उंद्या अवस हाय. अवसंला आमच्यात कुनी कामाला हात लावत न्हाई. गवंडी न्हाई, बिगारी न्हाई, टेकडीपल्याडच्या प्लॉटिंगवरचा मशीनवाला बी न्हाई. म्हैन्यातनं तेवढीच सुट्टी."

मी गाडीला किल्ली लावली होती. ती तशीच लावून उभी राहिले. कान मोकळा होता, फरशी नव्हती, तरी सगळं डावीकडे झुकलं.

१८ जानेवारी

अमावस्या. रविवार असूनही गेले. खड्ड्याच्या कडेला सतरंजी टाकून दिवसभर बसले. पुस्तक नेलं होतं, उघडलं नाही.

काही नाही. एक कंप नाही.

जमीन अमावस्या पाळत नाही. माणसं पाळतात.

१९ जानेवारी

मग वेळ कुठून चुकली?

माणसं काम करतात दिवसा. धक्के येतात संध्याकाळी. माणसांचे असतील तर दिवसा यायला हवेत. मला येतात दिवसा.

सकाळी लॅपटॉप नेऊन यंत्राच्या डब्याला जोडला. असं कधी केलं नव्हतं. माझं काम बॅटऱ्या आणि वायरी. पडद्यावर डब्याचं घड्याळ आलं. मी मनगटाकडे बघितलं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ, मिनिटाला मिनिट.

आणि हीच चूक!

भूकंपमापक जगभर एकाच वेळेवर चालतात — ग्रिनिचच्या. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणून पुण्याचा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवतो आणि भारतीय वेळ दाखवतो. पण हा डबा आधीच भारतीय वेळेवर आहे. म्हणजे दुपारी साडेबाराचा धक्का यादीत संध्याकाळी सहाला उगवतो.

माझ्या आधी इथे असलेल्या ऋषिकेशला बंगळुरूला फोन लावला. त्याला आठवत होतं. "अरे हो, वानरांनी उपग्रहाच्या वेळेची वायर चावून टाकली होती. मी हाताने घड्याळ लावलं. माझ्या घड्याळाला जुळवून. एकदम परफेक्ट."

परफेक्ट. जुळणाऱ्या घड्याळाचा संशय कोणाला येणार?

म्हणजे मला पुढचं काही कळत नव्हतं. कधीच नव्हतं. मला आत्ताचं कळत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच. कोणीतरी खांद्यावरची शाल काढून घेतल्यासारखं झालं. थंडी वाजली आणि हलकंही वाटलं.

आणि सगुणाबाईंच्या घरचे तिकडे रोज संध्याकाळी अंगणात बसून, दुपारीच येऊन गेलेल्या धक्क्याची वाट बघतायत.

२० जानेवारी

शुभांगीला बरोबर घेऊन टेकडी चढले. तिला म्हटलं, काय बघायचंय ते वर गेल्यावर सांगते. "बॉयफ्रेंड हाय का तिकडं?" म्हणाली. वाळलेलं गवत कमरेएवढं. वर पोचल्यावर आडवं पडून पलीकडे बघितलं.

अर्धी टेकडी कापलेली. लाल माती, त्यात काळा खडक उघडा, दाढ दिसावी तसा. जेवायच्या सुट्टीत माणसं खाली झाडाखाली जाऊन बसली. तिघंच मागे राहिले. त्यांनी खडकातल्या भोकांवर मातीच्या गोण्या टाकल्या. गोण्यांवर जुने ट्रकचे टायर, एकावर एक, साखळीने बांधलेले. मग तेही लांब गेले. एकाने हात वर केला.

टायरांच्या ढिगाने एकदा श्वास घेतला. इतकंच. वर उचलला गेला आणि परत बसला. खालून थोडी धूळ. आवाज — गादीवर थाप मारावी एवढा. टेकडीच्या अलीकडे तोही पोचत नसणार.

माझा कान भरला. तांबं. गवत झुकलं. मी मातीत बोटं रुतवली.

"सुरुंग?" शुभांगी कुजबुजली. "आसा मुका सुरुंग?"

परवानगी नसेल. म्हणून आवाज झाकतात. हवेतला आवाज टायरखाली झाकता येतो. खडकातला जातो जायचा तिथे — टेकडीखालून, सगुणाबाईंच्या जोत्याखालून, माझ्या घोट्यातून वर.

शुभांगीने फोनवर फोटो काढले. उतरताना हसली नाही. फक्त एकदा म्हणाली, "म्हंजी आमी ह्येंच्या भ्यानं ह्येंनाच घर देतोय."

२१ जानेवारी

अमोघने घड्याळाची चूक मान्य केली. आधी पाच मिनिटं हसला, मग घाबरला. सगळी यादी दुरुस्त करून ऑफिसकडून तहसीलला पत्र देणार. 'या आठवड्यात.' खरेदीखत उद्या.

म्हणून संध्याकाळी मीच अंगणात गेले. सगळं सांगितलं. फोटो, घड्याळ, साडेपाच तास. आयुष्यात एका दमात इतकं बोलले नव्हते.

जयसिंग फोटो मोठा करून बघत राहिला. "सुरुंग आसतील. न्हाई कुटं म्हनतो? पर सुरुंग दुपारी. भूकंप सांजचा. तुमीच सांगितलंय."

"तो दुपारचाच. यादीत चुकून संध्याकाळचा दिसत होता."

"मग माजा सांजचा भूकंप कुनी नेला?" सगुणाबाई.

"तो नव्हताच."

"घड्याळ चुकलं आसंल, पोरी. मशीनचं काय. तुजं अंग न्हाई चुकत. म्या डोळ्यानं बघितलंय तुला चौकट धरून हुबी. तू म्हनालीस, सांजला हलंल."

"मी चुकीचं बोलले."

"तू न्हाई बोललीस. तुज्यातनं आलं."

पहिलं वाक्य खोटं होतं आणि त्यांनी ते जपून ठेवलं. आज खरं सांगितलं तर ते यंत्राचं झालं. जयसिंग वाईट माणूस नाही. त्याचाही आवाज चढला नाही. "आता लई उशीर झालाय मॅडम. दोन वाजताची येळ घेतलीय."

मी म्हणाले, "निघायच्या आधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा. इथे, जोत्यावर. शुभांगी वर टेकडीवर राहील, फोन चालू ठेवून. माझ्या अंगात आलं की मी 'आत्ता' म्हणेन. तिकडे टायर उडाला की ती सांगेल. दोन्ही एका वेळी आलं तर?"

हे सगळं आपल्याच तोंडून ऐकताना कान तापले. चार माणसांसमोर, उन्हात, झोकांडी जाण्यासाठी बसायचं!

सगुणाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "जेवूनच ये," म्हणाल्या. "उपाशी चक्कर खरी का खोटी कळत न्हाई."

२२ जानेवारी

जोत्यावर आम्ही दोघी, पाय दगडावर सोडून. मधे फोन, त्यात शुभांगीचा श्वास आणि गवताचा आवाज. जयसिंग इस्त्रीच्या शर्टात, कागदांची पिशवी काखेत. मी डोळे मिटले. स्वतःचंच रक्त ऐकू येत होतं. कान भरायला लागला. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी शेजारून आवाज आला —

"ह्यो?"

"उडाला! टायर उडालं, आत्याबाई!" फोनमधून शुभांगी.

मी डोळे उघडले. चौकट नव्हती धरायला, म्हणून त्यांचा दंड धरला होता. सगुणाबाई खाली वाकून आपल्या तळव्याकडे बघत होत्या.

"ह्यो व्हय तुजा भूकंप? ह्यो तर मला रोज दुपारच्याला कळतो, हितं, टाचंत. मी म्हनलं, म्हातारपन आलं."

मग मान वर न करता म्हणाल्या, "जयसिंग, ती पिशवी खुटीला आडकीव."